बाप्तिस्मा आधी, जन्म नंतर : सिस्टरांना परदेशी मिशनवर पाठवतानाचे कागद

१० जून २०२४ ला फ्रान्सहून मातृगृहाचं, म्हणजे आमच्या सिस्टरांच्या संघाच्या मुख्य घराचं, पत्र आलं. आमच्या प्रांतातून दोन सिस्टर हव्या होत्या, एक आन्सीजवळच्या घरासाठी आणि एक आयव्हरी कोस्टच्या मिशनसाठी. पत्र जेमतेम सहा ओळींचं होतं. त्या ओळी पुऱ्या व्हायला साडेदहा महिने लागले. कुणाचीही सिस्टर, बहीण किंवा भाची अशी निघाली असेल तर हे वाचून निदान क्रम तरी कळेल. संघाचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण कागद ज्यांचे ते त्यांचे खासगी आहेत. सिस्टरांची नावंही बदलली आहेत.

थोडं मागचं सांगायला हवं, कारण कागदांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मराठवाड्यातल्या कॅथलिक मिशनचं मूळ सॅव्हॉयमध्ये आहे. आल्प्सच्या पायथ्याचा हा प्रदेश त्या वेळी फ्रान्सचा नव्हता, १८६० पर्यंत तो सार्डिनियाच्या राज्यात होता. तिथल्या आन्सी गावी फादर पिएर मेर्मिए यांनी १८३८ मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांचा संघ काढला. त्याच सुमारास जवळच्या शाव्हानो गावात क्लोदीन एशर्निए यांच्यासोबत त्यांनी होली क्रॉस सिस्टरांची सुरुवात केली. खेड्यातल्या मुलींना शिकवायचं आणि आजाऱ्यांकडे बघायचं, एवढंच मूळ काम. आन्सीच्याच सेंट जोसेफच्या सिस्टर १८४९ मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. सुएझ कालवा खुला झाला १८६९ ला, म्हणजे त्या त्याच्या वीस वर्षं आधीच निघालेल्या. शाव्हानोच्या सिस्टर १८८६ मध्ये भारतात आल्या. नागपूरचा धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) १८८७ चा, त्यातून १९५५ ला अमरावती वेगळा झाला आणि अमरावतीतून १७ डिसेंबर १९७७ ला औरंगाबाद. वैजापूर-गंगापूर पट्ट्यात घोगरगावचं मिशन आणि फादर गुरियन जाकिए यांचं नाव अजून घराघरात आहे.

या इतिहासाचा कागदांशी संबंध असा, की या खेड्यांत माणसाची पहिली लेखी नोंद बहुतेकदा फादरच्या वहीत झाली. ग्रामपंचायतीत झाली तर झाली, नाही तर नाही. दुसरी नोंद शाळेत गुरुजींनी केली. या दोन नोंदींचं एकमेकींशी पटेलच असं नाही.

फ्रान्सला जाणाऱ्या सिस्टरांना इथं सिस्टर मार्था म्हणू. शाळेत त्या संगीता, बाप्तिस्म्यात मार्था, व्रत घेतल्यावर संघानं दिलेलं नाव तिसरंच, आणि आधार कार्डावर ‘संगीता’चं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटपेक्षा वेगळं. कामाला लागलो त्या दिवशी पहिला निर्णय घेतला तो हा: व्रताचं नाव एकाही सरकारी कागदावर आणायचं नाही. गॅझेटमधून नाव बदलून घेता येतं, काही संघ घेतातही. पण मग दहावी, डी.एड., बँक, पॅन, सगळीकडे जुनं नाव आणि नवं नाव जोडणारा पुरावा जन्मभर सोबत बाळगावा लागतो. शाळेचं नाव हेच कायद्याचं नाव ठेवलं आणि ‘सिस्टर’ ही उपाधी कुठल्याही फॉर्मच्या नावाच्या रकान्यात लिहिली नाही. आधारचं स्पेलिंग दहावीप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, त्याला बारा दिवस लागले. हे पासपोर्टच्या आधी करा. नंतर केलं तर पासपोर्टही बदलावा लागतो.

जूनच्या शेवटी बाप्तिस्म्याचा दाखला काढायला गावच्या मिशनमध्ये गेलो. लोखंडी कपाट, डांबराच्या गोळ्यांचा वास, जाड पुठ्ठ्याच्या वह्या. जुन्या खंडांत लॅटिन आहे. १९८६ च्या पानावर रकाने छापील इंग्रजी, आणि गावांची, माणसांची नावं त्या वेळच्या फादरना जशी ऐकू आली तशी. आईचं नाव आधारवर ‘अनुसया’, वहीत ‘अन्साबाई’. जन्म ९ एप्रिल १९८६, बाप्तिस्मा २० एप्रिल १९८६. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर जन्मतारीख १ जून १९८६.

म्हणजे कागदोपत्री सिस्टरांचा बाप्तिस्मा जन्माच्या सहा आठवडे आधी झाला होता.

आपल्याकडे कुणाला याचं नवल वाटणार नाही. जूनमध्ये शाळा उघडते, पोरगी दाराशी उभी असते, तारीख कुणाला ठाऊक नसते, गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. पण फ्रेंच कारकुनापुढे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तर तो पुढचं पान उलटणार नाही.

बाप्तिस्म्याच्या वहीत खाडाखोड करायची नसते, हे आधी पक्कं समजून घ्या. कुणी फादर मायेपोटी ‘देतो दुरुस्त करून’ म्हणाले तरी नको. नोंद जशी आहे तसाच दाखला घ्यायचा आणि बिशप हाऊसच्या कार्यालयातून वेगळं पत्र घ्यायचं: अमुक वहीतली, अमुक क्रमांकाची मार्था आणि पासपोर्टवरची संगीता ही एकच व्यक्ती, आईची दोन नावं म्हणजे एकच बाई, आणि नागरी जन्मतारीख शाळेच्या नोंदीप्रमाणे. हे पत्र मिळायला तीन आठवडे गेले. खर्च शून्य, फेऱ्या दोन.

त्याच वहीत दुसरी उणीव सापडली. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ५३५ व्या कलमाप्रमाणे आजीवन व्रत घेतलं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत समासात व्हायला हवी, जशी लग्नाची होते. सिस्टरांनी आजीवन व्रत २०१६ मध्ये घेतलं होतं, समास कोरा होता. मूळ धर्मग्रामाला, म्हणजे बाप्तिस्मा झाला त्या चर्चला, कळवण्याचं काम संघाचं असतं आणि ते राहून गेलं होतं, चूक आमचीच. व्रतग्रहणाच्या नोंदीची प्रत देऊन समास भरून घेतला आणि मग नवा दाखला काढला. मातृगृहाला दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा होता, म्हणून जुना ट्रंकेतला दाखला पाठवून उपयोग नव्हता. कुणाचीही परदेशी बदली निघाली की सगळ्यात आधी हा समास बघा.

आता जन्माचा दाखला. फ्रान्सच्या लांब मुदतीच्या व्हिसाला तो नेहमी लागतोच असं नाही, म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. तिथं पोचल्यावर अडतं. फ्रान्समध्ये धर्मगुरू आणि सिस्टर यांच्या आजारपणाचा आणि म्हातारपणाचा विमा ‘काव्हिमाक’ नावाच्या वेगळ्या निधीकडे असतो, आणि तिथं आईवडिलांच्या नावांसह जन्माचा दाखला मागतात. तो इथूनच, अपोस्टिल करून (परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर लावून) न्यायचा. तिथं बसून वैजापूर तालुक्यातून दाखला काढणं म्हणजे भावाला सुट्ट्या काढायला लावणं.

ग्रामसेवकांनी १९८५ ते ८७ च्या तिन्ही वह्या काढून दाखवल्या. “सिस्टर, नाव तर नाहीच, पण त्या साली तुमच्या वस्तीवरची एकही नोंद दिसंना.” मग ठरलेला रस्ता: ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन, शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्याची प्रत, दहावीचं सर्टिफिकेट, दोन वयस्क नातेवाइकांचे जबाब. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर नोंद ग्रामसेवकाच्या अधिकारात राहत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अर्जात आम्ही दोन्ही तारखा सांगितल्या आणि बाप्तिस्म्याचा दाखलाही जोडला. लपवलं असतं तर पुढं कुठं तरी निघालंच असतं. आदेश शाळेच्या तारखेवर झाला, कारण बाकी सगळे सरकारी कागद त्याच तारखेचे होते. अर्ज २२ जुलैला, आदेश ९ ऑक्टोबरला, दाखला हातात १८ ऑक्टोबरला. प्रगटनाचे ९०० रुपये, वकिलांचे ३,०००. वकील न लावताही होतं, पण मग तारखा माहीत असलेलं कुणीतरी तालुक्याला राहायला हवं.

शाळेच्या निर्गम उताऱ्यावर धर्म आणि जातीचा रकाना असतो आणि तिथं जे लिहिलंय ते बाप्तिस्म्याच्या दाखल्याशी बऱ्याचदा जुळत नाही. त्यामागची कारणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत, त्यात शिरत नाही. एवढंच की भारतीय पासपोर्टचा फॉर्म धर्म विचारत नाही. या रकान्यावर एक दिवसही घालवू नका.

पासपोर्टला जन्माच्या दाखल्यासाठी थांबावं लागलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी चालतो. ३६ पानांच्या पासपोर्टला १,५०० रुपये. १९ ऑगस्टला अर्ज, २ सप्टेंबरला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात भेट. फोटो तिथंच काढतात. डोक्यावरचा व्हेल (सिस्टरांचं शिरोवस्त्र) चालतो, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा उघडा हवा. व्हेल अर्धा इंच मागे सरकवायला सांगितलं, तेवढंच. राहण्याचा पत्ता कॉन्व्हेंटचा. त्यासाठी कॉन्व्हेंटच्या प्रमुखांचं, सुपिरिअरचं, पत्र होतंच, पण खरं काम केलं ते आधारवरच्या पत्त्यानं. सिस्टरांच्या बदल्या दर तीन-चार वर्षांनी होतात आणि आधार मात्र दोन घरं मागचं असतं, तेव्हा तेही आधीच बघा.

जन्मस्थानाच्या रकान्यात एक खाचखळगा आहे. जुने कागद ‘औरंगाबाद’चे, नवे ‘छत्रपती संभाजीनगर’चे, आणि बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. गावाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगनं लिहिलं आणि जिल्ह्याच्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत, फ्रेंच अनुवादासह, फाइलला लावली. ती कुणी वाचली की नाही माहीत नाही, पण प्रश्न आला नाही.

पोलीस पडताळणी १७ सप्टेंबरच्या आठवड्यात होती. १७ ला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, त्यात बंदोबस्त, म्हणून ती २३ ला झाली. पासपोर्ट ४ ऑक्टोबरला स्पीड पोस्टानं आला. लगेच पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज केला, ५०० रुपये. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ठाण्यातली सगळी माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. सर्टिफिकेट आलं २ डिसेंबरला. निवडणुकीचं साल असेल तर हा अर्ज आधी करावा असं वाटेल, पण तो फार आधीही करू नका: तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुनं सर्टिफिकेट समोरचा देश घेईलच असं नाही.

स्टॅम्पचंही मधेच बदललं. जुलैमधलं प्रतिज्ञापत्र १०० रुपयांच्या स्टॅम्पवर झालं होतं. ऑक्टोबरपासून राज्यात तो ५०० चा झाला आणि नोव्हेंबरमधलं संघाचं हमीपत्र त्यावर करावं लागलं.

अपोस्टिल म्हणजे परदेशात आपला कागद खरा मानावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयानं लावलेलं स्टिकर. एकमेकांचे कागद असे मानून घेण्याचा देशांमधला हेग करार आहे, त्यात भारत २००५ पासून आहे. आधी राज्य शासनाचं साक्षांकन मुंबईत, शाळा-कॉलेजच्या कागदांचा कक्ष वेगळा आणि जन्म वगैरे वैयक्तिक कागदांचा वेगळा. मग परराष्ट्र मंत्रालयानं नेमलेल्या एजन्सीमार्फत स्टिकर. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये, एजन्सीचा आकार वरून. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, काम करून रात्री परत. एक फेरी फुकट गेली, कारण डी.एड.चं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं होतं. साक्षांकनाचा शिक्का कागदाच्या पाठीवर बसतो, प्लास्टिकवर बसत नाही. आपल्याकडे मोलाचा कागद दिसला की तो प्लास्टिकमध्ये घालायची सवय आहे. लॅमिनेशन घरी उकलायचा प्रयत्न करू नका, शाई सोबत निघते. आम्ही विद्यापीठाकडून नव्हे तर परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडून दुसरी प्रत मागवली, सहा आठवडे गेले. शेवटी त्या प्रमाणपत्राचं फ्रान्सला काही काम पडलं नाही ते वेगळंच.

अपोस्टिल सगळीकडे चालत नाही, हेही लिहून ठेवतो. करारात नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. जर्मनीनं तर भारताच्या सहभागालाच हरकत घेतलेली असल्यानं भारतीय कागदांची पडताळणी ते आपल्या पद्धतीनं करतात. जर्मनीला सिस्टर पाठवणाऱ्या संघांनी आधी त्यांच्या वाणिज्य दूतावासाला विचारावं.

डिसेंबर-जानेवारीत अनुवाद झाले. फ्रेंच अनुवाद मान्यताप्राप्त अनुवादकाचाच हवा, पानामागे साधारण १,००० ते १,२०० रुपये पडले. जन्माच्या दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, तेव्हा इंग्रजीवरून अनुवाद होतो. त्यामुळे आधी इंग्रजी बाजूचं आईचं नाव तपासा. आम्ही तपासलं म्हणून ‘अनुसया’चा ‘अनुसुया’ वेळेत पकडला.

भाषेची शिकवणी ऑगस्टपासूनच चालू होती, आठवड्यातून चार दिवस ऑनलाइन. सहा महिन्यांत बाजारहाट आणि डॉक्टरशी बोलण्यापुरतं फ्रेंच आलं. सगळ्यात जास्त अडलं ते न बोललेल्या अक्षरांपाशी. ‘अन्नेसी’ लिहिल्यासारखं दिसतं आणि बोलायचं ‘आन्सी’. शाव्हानोच्या शेवटी ‘ड’ आहे आणि तो कुणी उच्चारत नाही. १८८६ मध्ये आलेल्यांपुढे मराठीतला ‘ळ’ होता, त्यामानानं हे बरं.

व्हिसा ‘व्हिजितर’ (पाहुणा) प्रकारचा, लांब मुदतीचा. फ्रान्समध्ये पगाराची नोकरी करणार नाही असं सिस्टरांनी लिहून द्यायचं. या अर्जातला अवघड रकाना पैशाचा. बँकेचं वैयक्तिक स्टेटमेंट मागतात आणि सिस्टरांनी घेतलेलं असतं दारिद्र्यव्रत. खात्यात ४,२०० रुपये होते. कुणाकडून तरी दोन लाख भरून महिन्यानं काढून घ्यायचा सल्ला आम्हाला तीन जणांनी दिला. करू नका, एकदम आलेली रक्कम पहिल्यांदा डोळ्यात भरते. त्याऐवजी तीन कागद लावले: सिस्टर व्रतस्थ आहेत आणि त्यांची मिळकत संघाची असते असं प्रांताच्या प्रमुखांचं, प्रोव्हिन्शियलचं, पत्र, राहणं-जेवण-औषधपाणी-परतीचं तिकीट सगळं आम्ही करू असं फ्रान्समधल्या घराचं हमीपत्र, आणि त्या घराच्या बँकेचं पत्र. ४,२०० चं खरं स्टेटमेंटही सोबत जोडलं. प्रश्न विचारला गेला तो एकच, घरात खोली वेगळी आहे का. आहे.

लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, त्याआधी घेत नाहीत. आमची भेट १८ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईत होती. फी ९९ युरो, त्या वेळच्या दरानं नऊ हजारांच्या आसपास, व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा. फोटो व्हेलसह आणि व्हेलशिवाय, दोन्ही काढून न्या, ऐनवेळी बाहेर स्टुडिओ शोधत फिरावं लागत नाही. पासपोर्ट १९ मार्चला परत आला.

आयव्हरी कोस्टच्या सिस्टरांचं त्या मानानं लवकर उरकलं, कारण त्यांचा जन्म दवाखान्यातला आणि सगळी नावं सरळ. तिथं पिवळ्या तापाची लस लागते. सरकारी केंद्रात ३०० रुपये, पण एका कुपीत बरेच डोस असतात म्हणून ठरावीक दिवशीच देतात. आधी नाव नोंदवा. अंड्याची ॲलर्जी असेल तर सांगा. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच बांधून ठेवायचं. सुट्टीवर परत येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात.

दोघी २८ एप्रिलला निघाल्या. पोप फ्रान्सिस गेल्याला जेमतेम आठवडा झाला होता, विमानतळावर पांढऱ्या-करड्या झग्यांची गर्दी रोमच्या बाजूला होती. हातातल्या पिशवीत मूळ कागद, ट्रंकेत फक्त प्रती, असं बजावून पाठवलं होतं. एका सिस्टरांचं सामान दोन दिवस उशिरा पोचलं, कागद सोबत होते म्हणून निभावलं.

फ्रान्समध्ये उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा पैसे भरून ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, २०२५ मध्ये २०० युरो पडले. ते पैसे सुरुवातीच्या हिशोबात धरायचे राहून जातात, आमचेही राहिले होते. एका सिस्टरांचा सगळा खर्च, तिकीट सोडून, ५८,००० च्या घरात गेला, त्यात शिकवणीच सर्वांत मोठी.

काव्हिमाककडे जन्माचा दाखला, अपोस्टिल, अनुवाद आणि बिशप हाऊसचं ते ‘एकच व्यक्ती’चं पत्र मे महिन्यात गेलं. सप्टेंबरात सिस्टरांचा तिथला सामाजिक सुरक्षेचा क्रमांक आला. फ्रान्समध्ये हा क्रमांक माणसाच्या जन्मावरूनच बनतो: पहिला २ म्हणजे स्त्री, मग ८६ साल, ०६ महिना, आणि ९९ म्हणजे देशाबाहेर जन्म. गुरुजींनी शाळेच्या दारात लिहिलेला जून आता आन्सीच्या दवाखान्यातही चालतो.